तांबडीचा डावा स्पीकर

रविवारी तांबडी कोल्हापूरला जाणार होती आणि तिचा डावा स्पीकर अजून खोकत होता.

तांबडी म्हणजे गाय नव्हे. तांबडी म्हणजे गंगारामची लाल रंगाची, दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार. दाभोळच्या वरच्या अंगाला, जिथे रिक्षासुद्धा देवाचं नाव घेऊन चढते, अशा एका वाडीत ही गाडी त्र्याण्णव सालापासून राहत होती. गंगाराम तेव्हा मुंबईला एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठ कुटुंबासकट परदेशी राहायला निघाले, तेव्हा मुलाच्या हौसेच्या गाडीचं काय करायचं असा प्रश्न पडला. शेठ म्हणाले, "गंगाराम, चालवलीस तूच, आता ने पण तूच." गंगारामच्या घरात तेव्हा माणसं सात होती आणि गाडीत जागा दोन. शेठनी हा हिशोब केला नव्हता. गंगारामने केला होता, पण कुणाला सांगितला नव्हता.

गाडी वाडीत आली त्या दिवशी बायकांनी तिला ओवाळलं. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असत आणि कळ दाबली की डोळे उघडावेत तसे वर येत. ऐन ओवाळताना गंगारामने कळ दाबली. दोघी ताट टाकून पळाल्या, एक जागच्या जागी पाया पडली. पुढे सगळ्यांना सवय झाली. वाडीतल्या प्रत्येक नवरदेवाची वरात तांबडीतून निघू लागली. जागा दोनच आणि त्यातली एक गंगारामची, म्हणून नवरदेव गंगारामच्या शेजारी बसे आणि नवरी मागून करवल्यांबरोबर टेम्पोत येई. वाडीतल्या कित्येक संसारांची सुरुवात अशी दोन वेगवेगळ्या वाहनांतून झाली आणि तरी ते टिकले. म्हणूनच टिकले, असं गंगारामचं मत होतं.

गाडीच्या टेपमध्ये शेठच्या मुलाची इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट अडकलेली होती. ती आत गेली ती कायमची. गंगारामला इंग्रजी येत नव्हतं. पण ऐकून ऐकून त्याने प्रत्येक गाण्याची गोष्ट ठरवून टाकली होती. पहिल्या गाण्यातल्या माणसाची म्हैस हरवली होती. दुसऱ्यातला जावयाची वाट बघत होता. पाचव्या गाण्यात एक बाई बराच वेळ रडे आणि मग ढोल वाजत. ती शिमग्याला माहेरी आली असावी.

शेठ गेल्यावर गंगाराम मुंबईत दुसरीकडे नोकरीला लागला आणि निवृत्त होईपर्यंत वर्षातून दोनदा घरी येत राहिला, शिमग्याला आणि गणपतीला. आला की गाडीवरची ताडपत्री काढायची, बायकोला, म्हणजे बकुळाला, डाव्या बाजूला बसवायचं आणि फेरीबोटीतून खाडी ओलांडून वेळणेश्वरला जायचं, हा त्याचा नेम. म्हणजे, होता. मग कधीतरी डावा स्पीकर बिघडला. रस्त्यात खड्डा आला की तो खॅर्र करून खोके, एरवी गप्प. आणि मग कधीतरी बकुळा गाडीत बसायची बंद झाली.

आता मुलगा संदेश लोट्याच्या केमिकल कंपनीत चांगला चिकटला होता आणि त्याने पाच माणसांची, पांढरी, शहाणी गाडी बुक केली होती.

"बाबा, शेड एक हाय आणि गाड्या दोन," संदेश म्हणाला.

"मग दुसरी परत कर."

"दुसरी अजून आली नाय."

"मग अजून सोपं."

पण कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी, ज्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद होता, संदेशने मोबाईलवर टाकलेला फोटो बघितला. रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाले. एकच अट: सगळं ओरिजिनल हवं. आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल अशा रीतीने गंगाराम 'बरं' म्हणाला. कारण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. गाडी जायची तर जाऊ दे, पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, बकुळाने डाव्या सीटवर बसायला हवं आणि वेळणेश्वरला जायला हवं. तो तडक स्वयंपाकघरात गेला.

"शनिवारी वेळणेश्वरला जाऊन येऊ. तांबडीतनं."

"तुमी जावा," बकुळा तांदूळ निवडत म्हणाली.

"मी तर जाणारच. ड्रायव्हर हाय मी. तू?"

"मी एसटीनं येतंय मागनं."

गंगाराम पडवीत येऊन बसला आणि त्याने खूप विचार केला. विचाराअंती त्याला दोष सापडला. दोष त्या स्पीकरचा होता. म्हैस हरवली, जावई आला, बाई रडली, सगळं उजव्या बाजूला. डाव्या बाजूच्या माणसाच्या वाट्याला नुसता खोकला. कोण बसेल अशा ठिकाणी? आपण इतकी वर्षं एका बाईला सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर बसवावं तसं बसवत होतो. स्पीकर दुरुस्त झाला की बकुळा बसणार, यात शंका नव्हती. निदान गंगारामला नव्हती.

त्याने गुरुप्रसादला बोलावलं.

गुरुप्रसाद हा पंचक्रोशीतला एकमेव आवाजवाला. सार्वजनिक गणपतीचे लाऊडस्पीकर, लग्नातले माईक, मच्छीमार बोटींवरचे वायरलेस सेट, सगळं तोच बघे. त्याने दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू चालत असे. फक्त आधी जे काम करायची तेच करील याची खात्री नसे.

"काका, ह्यो स्पीकर मेलाय," त्याने दारावर टिचकी मारून सांगितलं.

"उघडून तरी बघ."

"जाळी काढली तर क्लिपा तुटतील. तुमीच बोललात ना, ओरिजिनल हवं म्हणून?"

"मग काय करतोस?"

"ओरिजिनलला हातच लावत नाय. बायपास करतो." गुरुप्रसादच्या मावसभावाचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय सुचवत असे.

बायपास असा झाला. एका भंगारात निघालेल्या बोटीच्या वायरलेस सेटचा डबा गुरुप्रसादने डाव्या सीटखाली बसवला. टेपमधला आवाज या डब्यात शिरणार, तिथे मोठा होणार आणि दाराला चिकटपट्टीने चिकटवलेल्या नव्या स्पीकरमधून बाहेर पडणार. एक वायर उरली. ती कशाला असते हे न आठवल्यामुळे त्याने ती गाडीच्या एरियलला जोडली.

"लावा आता," तो म्हणाला.

गंगारामने टेप लावला. उजवीकडून म्हैस हरवलेला माणूस गाऊ लागला. डावीकडून क्षणभर काहीच आलं नाही. मग एक भरदार आवाज आला:

"मत्स्यलक्ष्मी, मत्स्यलक्ष्मी! शिवा, काय लागलंय रं? ओव्हर!"

गंगारामने गुरुप्रसादकडे पाहिलं. गुरुप्रसादने सीटखाली पाहिलं. सीटखालून दुसरा आवाज आला, "पापलेट लागलंय. बोट भरलीय. पण बंदरावर कोण बोलायचा नाय! बायांना सांगायचं, काय नाय गावलं, पोटापुरते बांगडे गावले. मग दर कसा चढतो बघ. ओव्हर!"

नेमकी त्याच वेळी मासळी विकणारी ज्ञानेश्वरी डोक्यावर पाटी घेऊन अंगणात आली होती. ती थांबली. पाटी उतरवून गाडीजवळ आली आणि खिडकीत वाकून म्हणाली, "ह्यो शिवा नाखवा. आत कसा बसला?"

"आत नाय, समुद्रात हाय तो," गुरुप्रसाद म्हणाला.

"आणि ऐकू हितं येतोय?"

"हां."

ज्ञानेश्वरी थोडा वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर गणित सुटत गेलं. "काकी, माझी पाटी बघा जरा," असं बकुळाला ओरडून सांगून ती बंदराच्या दिशेने अशी सुटली की तिच्या मागून वाडीतली दोन कुत्री विनाकारण धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम उठून बाहेर आला तेव्हा शेडसमोरच्या फणसाखाली सात-आठ मासळीवाल्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या होत्या.

"काका, चालू करा की," ज्ञानेश्वरी म्हणाली. "बोटी परत फिरायची येळ झाली."

"ही गाडी हाय. आकाशवाणी नाय."

"गाणी तुमी ऐका हो उजवीकडं. आमाला डावी बास हाय."

गंगाराम भिडेचा माणूस. त्याने टेप लावला. कोण किती वाव खोल पाण्यात आहे, कुणाला सुरमई लागली, कुणाचं जाळं फाटलं, हे सगळं पाचव्या गाण्यातल्या बाईच्या रडण्यावर ऐकू येऊ लागलं. बाई हुंदका देई आणि कुणीतरी 'ओव्हर' म्हणे. पहिल्या गाण्यातली हरवलेली म्हैस तर आता अंजनवेलच्या समोर, खोल पाण्यात असल्यासारखी वाटू लागली.

पण गंगारामला खरा धक्का बसला तो पुढे. बकुळाने घरातून पाट आणला, तो गाडीच्या डाव्या दाराशी टाकला, सुपारीची चंची काढली आणि ऐसपैस बसून ती बायांबरोबर ऐकू लागली. हसू लागली. 'बिचारा,' 'मेला चावट,' 'बरं झालं,' अशी मधेमधे उत्तरंही देऊ लागली. सगळ्यांना तिने चहा केला. इतकी वर्षं जी बाई या गाडीच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, ती आता गाडीपासून हातभर अंतरावर सकाळभर बसून होती. फक्त आत नव्हती.

गंगाराम हळूच म्हणाला, "आत बसून ऐक की. सीट मऊ हाय."

"हितनं सोच्छ येतंय."

"स्पीकर आवडला नव्हं?"

"तुमच्या गाडीत आता कुठं माणसांचं बोलणं ऐकाया येतंय," बकुळा म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे कान केला.

हे वाक्य गंगारामला समजायला हवं होतं. पण त्याला तेवढ्यात तिसरं गाणं सुरू झालेलं ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी शिवा नाखवा स्वतः वर आला. शिवा म्हणजे अंगाने दारासारखा माणूस. चढ चढून त्याला धाप लागली होती, त्यामुळे संतापाने बोलायचं होतं ते तो हप्त्याहप्त्याने बोलला.

"काका. तुमची गाडी. बंदरावर. माझी अब्रू घालवतेय."

"काय झालं?"

"मी बोट लावली. उतरलो. म्हटलं, काय नाय गावलं. तर साऱ्या बाया एका सुरात काय म्हणाल्या? 'पोटापुरते बांगडे गावले, ओव्हर!'" फणसाखालच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. "आणि बायकोनं मला घराबाहेर काढलंय ही गोष्ट मी फक्त भाच्याला सांगितली होती. भर समुद्रात. काल बंदरावर तिघीजणींनी मला डबा आणला!"

"मग वाईट काय झालं?" बकुळाने विचारलं.

शिवा जरा अडखळला. "वाईट असं नाय, काकी. सुकटीची चटणी लय चांगली होती. पण माणसानं दुःख सांगायचं कुठं? समुद्रात पण सोय नाय उरली."

गुरुप्रसादला बोलावणं गेलं. त्याने डबा काढला, चिकटपट्टी सोलली, उरलेली वायर कशाची होती हे त्याला आता आठवलं. बायका नाराज होऊन पाट्या उचलून गेल्या. तांबडी पुन्हा एका बाजूने मुकी झाली. गंगाराम बॉनेटवर हात ठेवून असा उभा राहिला की शिवालाच वाईट वाटलं.

"काका, एवढं काय हाय त्या स्पीकरात?"

"उद्या शनिवार," गंगाराम म्हणाला. "परवा गाडी जाणार."

शिवाला यातून काही कळलं नाही, पण दुःखी माणसाला दुःखी माणूस ओळखू येतो. "गुरु, ती ओरिजिनल जाळी उघड," तो म्हणाला. "क्लिपा तुटल्या तर मी घालीन नव्या. मासळीची जाळी बांधायचा दोरा हाय माझ्याकडं, बोट ओढता येते त्यानं."

जाळी नखाने निघाली. एकही क्लिप तुटली नाही. गुरुप्रसादने आत बॅटरी मारली आणि डोळा लावून पाहिलं. मग म्हणाला, "काका, स्पीकर चांगला हाय. नव्यासारखा हाय. वायर कापलेली हाय."

"उंदीर?"

"उंदीर कुरतडतो. हे एका फटक्यात कापलंय. दोन टोकं एकमेकाला टेकून राहिलीत, म्हणून खड्ड्यात तेवढा खोकायचा." त्याने वायरचं टोक बोटात धरून उजेडात फिरवलं. "आणि पक्कडीनं नाय कापलेली. पक्कडीनं चेपते. ही एका अंगानं तिरकी कातरलीय. असं फक्त..."

कट्ट, असा आवाज आला.

तिघांनी वळून पाहिलं. बकुळा पाटावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती.

शिवाला एकदम भरतीची वेळ आठवली. गुरुप्रसादला भरतीशी काही कर्तव्य नव्हतं, तरी तो त्याच्याबरोबर गेला. अंगणात नवरा, बायको आणि गाडी उरली.

"तू कापलीस?"

"मीच."

"कधी?"

"गुहागरला तुमी पेट्रोल भराया उतरला होताव तेव्हा."

"पण का?"

बकुळाने सुपारी तोंडात टाकली. ती रागावलेली दिसत नव्हती. एखादं जुनं भांडं कुणाला दिलं होतं ते सांगावं तशी ती सांगू लागली. "मला बोलायचं होतं. तुमी मुंबईला. येणार शिमग्याला नि गणपतीला. घरात सासू, सासरे, नणंदा, दीर. बोलू कुठं? न्हाणीत? गाडी आली, तिच्यात दोनच सीटा. मला एवढा आनंद झाला, अवो! म्हटलं, हितं तरी तिसरं माणूस नाय बसायचं. तर तुमी काय करायचाव? मी तोंड उघडलं की, 'श्श! थांब, आता बाई रडणार बघ.'"

गंगाराम गाडीला टेकला. गाडी इतकी बुटकी होती की टेकता टेकता तो तिच्यावर बसलाच.

"मग वायर कापल्यावर बोलली का नायस?"

"बोलले की. तुमी उजवा मोठा केलाव."

फणसावर एक खार वर गेली आणि खाली आली. दोन नव्या कोऱ्या सीटा, एक म्हातारी कॅसेट आणि इतक्या वर्षांतले सगळे शिमगे नि गणपती गंगारामच्या डोळ्यांसमोरून गेले. शेठनी गाडी दिली त्या दिवशी त्याने केलेला हिशोब, सातातून दोन, बरोबर हाच होता. एकाने मुंबईत, एकीने वाडीत, दोघांनी तोच हिशोब केला होता. फक्त मधे म्हैस हरवली.

"उद्या चल," तो म्हणाला. "टेप लावणार नाय."

"आणि उजवा?"

"त्याची पण काप वायर."

"कशाला उगाच? लोकांची गाडी हाय आता ती. ओरिजिनल हवी त्यांना," बकुळा म्हणाली. आणि मग, चंची गुंडाळत, "बघू."

बकुळाच्या 'बघू'चा अर्थ गंगारामला लग्नापासून कधी कळला नव्हता. शनिवारी सकाळी ती जांभळ्या साडीत शेडजवळ येऊन उभी राहिली तेव्हा कळला.

गाडीत बसणं सोपं होतं. दोघांनी पाय आत टाकले आणि बाकीचं पृथ्वीने केलं. संदेश पहिल्या शिफ्टला गेला होता, त्यामुळे 'या वयात' हे शब्द ऐकायला लागले नाहीत. वाडीतून खाली उतरताना तांबडीचं पोट तीनदा घासलं. फेरीबोटीवर चढताना चौथ्यांदा घासलं, तेव्हा खलाशांनी दोन फळ्या टाकून तिला आत घेतली आणि तिकीटवाल्याने ती नेमकी वाहन आहे की सामान यावर सहकाऱ्याचा सल्ला घेतला.

बोट सुटली. खाडीचं पाणी बरोबर खिडकीच्या उंचीवर हलताना दिसत होतं. गंगारामने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, कारण ते टेपकडे जायची त्यांना सवय होती.

"बोल," तो म्हणाला.

"कुठनं?"

"पहिल्यापासनं."

"तुमाला परवडायचं नाय."

"बोल तर."

बकुळाने पदर सारखा केला. "त्र्याण्णवचा गणपती," ती म्हणाली, आणि सुरू झाली.

बोट पलीकडे धोपाव्याला लागेपर्यंत ती बोलली. गुहागरच्या बाजारातून बोलत गेली. तिला सगळं आठवत होतं, कारण तिचं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या गाण्याने तोडलेलं होतं आणि तुटलेली जागा माणूस विसरत नाही. "दुसऱ्या गाण्याला मी सांगत होते, तुमच्या आत्याला बरं नाय, जाऊन भेटून या. तुमी म्हणालाव, 'श्श, जावई येतोय.' पुढच्या शिमग्याला येऊन मलाच विचारताव, आत्या दिसत नाय कुठं?"

"मला वाटलं मुलाकडं गेली."

"वर गेली होती. पुढं ऐका. चौऱ्याण्णवचा गणपती. मी म्हटलं, डावं दार नीट लागलेलं नाय. 'श्श.' आमचा फणस पडला मोडक्याघराच्या वळणावर. अख्खा कापा."

"तो घरीच मागं राहिला असं बोललीस तू!"

"मग काय सांगणार, तुमच्या गाण्यानं पाडला म्हणून?"

गंगाराम हसला. बकुळाही हसली. रस्ता वळला, खाली समुद्र दिसला आणि बकुळाचा आवाज जरा उतरला.

"पंच्याण्णवचा शिमगा. त्या साली तुमी संक्रांतीपासनं रजेवर घरीच होताव. ह्याच उतारावर. मी म्हटलं, अवो, मला दिवस गेलेत."

गंगारामने ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या एसटीने जे काही म्हणायचं ते हॉर्नमधून म्हटलं.

"मग? मी काय बोललो?"

"'श्श,' म्हणालाव. 'ढोल ऐक.'"

एसटी बाजूने पुढे गेली. तिच्या खिडक्यांतून लोक वाकून खाली, लाल गाडीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत गेले.

"मग मला कळलं कधी?"

"गणपतीला आलाव तेव्हा. सातवा लागून गेला होता."

"मला वाटलं होतं, तू अंगानं भरलीस," गंगाराम म्हणाला. त्याने कळ दाबली. भर दुपारी तांबडीचे दिवे वर आले, थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले आणि मिटले. त्याने ते दोन-तीनदा केलं. बकुळाने त्याला करू दिलं.

वेळणेश्वरला देवळापाशी गाडी लावली आणि तेव्हा ती गोष्ट लक्षात आली. घरी गंगाराम गाडीतून उतरे तो शेडचा खांब धरून. वाडीत फेरी मारताना तो उतरतच नसे. टपरीवाला चहा खिडकीत आणून देई आणि लोक त्याला माज म्हणत. इथे खांब नव्हता. त्याने छताला धरलं, गुडघ्याला धरलं, देवाला धरलं. कमरेखालचा गंगाराम सीटवरून हलेना.

"तू उतर आणि मला हात दे," तो म्हणाला.

"माझे गुडघे बघितलाव काय? मला वाटलं तुमी काढाल मला."

दोघांनी काचेतून देवळाच्या शिखराला नमस्कार केला. फोन करून संदेशला बोलवावं म्हटलं, तर फोन मघाच्या ब्रेकला घसरून सीटखाली गेलेला.

"आता?" गंगाराम म्हणाला.

"आता काय! शहाण्णवचा शिमगा," बकुळा म्हणाली. "माणूस उद्या गाडी न्यायला येणार. मला आजच संपवायला हवं."

ती बोलत राहिली. सुरूच्या बनातून वारा येत होता. नारळपाणीवाल्याने दोन शहाळी खिडकीतून आत दिली. गंगाराम ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला आपल्याच घराची अशी काही माहिती मिळत होती की आपण तिथे राहत होतो यावरचा त्याचा विश्वास उडत चालला. धाकट्या नणंदेच्या लग्नात बकुळाने स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या तिच्या हातात घातल्या होत्या. विहिरीला पाणी लागलं तेव्हा ती एकटी रडली होती. संदेश पहिलं पाऊल टाकताना पडला तो तांबडीच्या चाकाला धरून उठला होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा एका गाडीतून आलेली चार-पाच दणकट पोरं तांबडीभोवती जमली. आधी त्यांनी गाडीबरोबर फोटो काढले आणि मग आत माणसं आहेत हे त्यांना दिसलं.

"आजोबा, अडकलाय का? थांबा, ओढून काढतो. एक मिनिटाचं काम."

बकुळा बोलता बोलता थांबली. गंगारामने पोरांचे दंड बघितले. मग बकुळाकडे बघितलं. तिचं तोंड अर्ध्या वाक्यावर उघडं होतं.

"एक काम करा," तो पोरांना म्हणाला. "सीटखाली माझा फोन हाय, तेवढा काढून द्या."

फोन निघाला. गंगारामने कोल्हापूरला लावला.

"नमस्कार, नमस्कार!" पलीकडून गृहस्थ उत्साहाने म्हणाले. "आम्ही पहाटेच निघतोय बरं का. दुपारपर्यंत पोचतो."

"उद्या नका येऊ."

"का हो? मग कधी येऊ?"

"ते आत्ता सांगता यायचं नाय. आत्ताशी अठ्ठ्याण्णव चाललंय."

"अठ्ठ्याण्णव काय?"

"तेच ऐकतोय," गंगाराम म्हणाला आणि फोन बंद करून त्याने काच वर केली.